यंत्राने रुपये विचारले, तर...

व्हिएन्नाहून ट्रेनमध्ये बसलं की अडीच-पावणेतीन तासांत बुडापेस्ट येतं. ऑस्ट्रिया आधीपासूनच आणि हंगेरी २००७ पासून शेंगेनमध्ये असल्याने सीमा कधी ओलांडली ते कळतही नाही. ते कळतं बुडापेस्टला उतरून पाण्याची बाटली घेताना. आपल्या पाकिटात युरो असतात आणि पाटीवर किंमत फोरिंटमध्ये.

युरोपात सगळीकडे युरो चालतो, हा आपला पक्का समज. पण हंगेरीचा फोरिंट, चेक लोकांचा कोरुना, पोलंडचा झ्लॉटी अजून वेगळेच आहेत. काही दुकानदार युरो घेतात, पण दर त्यांचा आणि सुटे मिळतात ते त्यांच्या चलनात. फॉरेक्स कार्डावर युरो भरता येतात, ही छोटी चलनं सहसा भरता येत नाहीत.

खरी मेख मात्र स्वाइप मशीनमध्ये आहे. बुडापेस्टच्या एका दुकानात आईने भरतकामाचा टेबलक्लॉथ पसंत केला. मी कार्ड लावलं. पडद्यावर दोन आकडे आले, एक फोरिंटचा, दुसरा चक्क रुपयांचा. फोरिंटचे हजार बघून आधीच जीव दडपलेला. आई म्हणाली, "अगं, आपले रुपये दिसतायत ना, तेच दाब." मलाही हायसं वाटलं. रात्री हॉटेलवर हिशेब केला तेव्हा कळलं, त्या दिवसाच्या दरापेक्षा शंभरामागे सहा रुपये जास्त गेले होते.

याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. इथे रुपयाचा दर तुमची बँक ठरवत नाही, ही सेवा पुरवणारी कंपनी ठरवते, आणि वरच्या कमाईत बहुतेकदा दुकानदाराचाही वाटा असतो. व्यवहार परदेशातला, म्हणून आपल्याकडच्या अनेक बँका त्यावरही शुल्क लावतात. तिथलंच चलन निवडलं, तर साध्या कार्डावर बँकेचा साधारण दोन ते साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एवढ्यावर भागतं. एटीएमही हाच प्रश्न विचारतं. तिथे 'विदाउट कन्व्हर्जन' दाबायचं.

रोख बदलतानाही जपावं लागतं. 'झीरो कमिशन'ची पाटी असते, पण कमिशन दरातच दडलेलं असतं. प्रागमध्ये या प्रकाराने पर्यटक इतके नाडले गेले की कायदा बदलावा लागला. २०१९ पासून तिथे एक हजार युरोपर्यंतची रक्कम बदलली असेल, तर तीन तासांच्या आत तो व्यवहार रद्द करता येतो. पावती मात्र हवी. नाणी शेवटच्या दिवशी खर्चून टाका, मनी चेंजर ती सहसा परत घेत नाहीत.

तुमचे आईवडील यंदा टूरला निघाले असतील, तर बॅगा भरतानाच त्यांना एवढं सांगून ठेवा: मशीनने रुपये दाखवले, तरी तिथलंच चलन निवडा.