मद्रासला सापडलेला लघुग्रह

हजारो ताऱ्यांमध्ये एखादा ठिपका लघुग्रहाचा असेल, तर तो ओळखायचा कसा? साध्या दुर्बिणीतून दोघेही सारखेच दिसतात. फरक असतो तो चालीत. तारे एकमेकांच्या संदर्भात आपली जागा सोडत नाहीत. लघुग्रह मात्र रोज थोडाथोडा सरकतो.

लघुग्रहांच्या शोधासाठी छायाचित्रणाचा उपयोग १८९१ पासून होऊ लागला. त्यापूर्वी निरीक्षक ताऱ्यांचा नकाशा पुढे ठेवून आकाशातील एकेक तारा ताडून पाहत. नकाशात नसलेला ठिपका आढळला, की पुढच्या रात्री तो पुन्हा पाहायचा. जागेवरच असला तर नकाशात राहून गेलेला तारा. सरकला असला तर ग्रह!

१७ एप्रिल १८६१ रोजी मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉग्सन यांनी असाच एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच लघुग्रह, म्हणून त्याचे नाव 'एशिया' ठेवण्यात आले. त्याचा क्रमांक ६७ असून व्यास सुमारे ६० किलोमीटर आहे.

पण सापडला म्हणजे काम संपले असे नाही. काही महिन्यांनी लघुग्रह सूर्याच्या तेजात लपतो. पुन्हा तो कोठे उगवेल हे ठाऊक नसेल, तर हाती आलेला शोध निसटलाच म्हणायचा! म्हणून निरनिराळ्या रात्री त्याची स्थाने मोजून त्यांवरून कक्षा काढावी लागते.

एशियाची कक्षा मंगळ आणि गुरू यांच्यामधील मुख्य पट्ट्यात आहे. ती लंबवर्तुळाकार आहे. पृथ्वीचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर १ मानले, तर एशियाचे अंतर १.९७ ते २.८७ यांच्या दरम्यान बदलते. सरासरी येते २.४२.

आता कागद-पेन्सिल घ्या. केप्लरच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे, या सरासरी अंतराचा घन हा फेरीच्या वर्षांच्या वर्गाइतका असतो. २.४२ चा घन सुमारे १४.१७. त्याचे वर्गमूळ ३.७६. म्हणजे एशियाला सूर्याभोवती एक फेरी करायला सुमारे पावणेचार वर्षे लागतात.

पृथ्वी तीच फेरी एका वर्षात पुरी करते. त्यामुळे साधारण दर सोळा महिन्यांनी ती एशियाला मागून गाठते. त्या वेळी एशिया सूर्याच्या विरुद्ध दिशेला असतो आणि रात्रभर आकाशात राहतो. त्याला पाहण्याची हीच उत्तम संधी. १८६१ पासून त्याच्या चाळीसहून अधिक फेऱ्या झाल्या, तरी तो हरवलेला नाही, तो या गणितामुळेच.

वेस्टा या लघुग्रहाचे सरासरी अंतर २.३६ आहे. त्याची फेरी किती वर्षांची, ते तुम्हीच काढा. उत्तर एशियाच्या फेरीपेक्षा थोडे कमी यायला हवे!