उज्जैनचे गणित, वासाची बाराखडी

सोळा सुगंधी द्रव्यांपैकी कोणतीही चार निवडायची. अशी किती मिश्रणे होतील? उत्तर आहे १८२०. हे गणित अकरावीच्या पुस्तकात शोभेल, पण ते सोडवले सहाव्या शतकात, आणि तेही अत्तरासाठी. स्वतःला अवंतीचा म्हणवणाऱ्या, उज्जैनच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’तल्या गंधयुक्तीच्या अध्यायात हा आकडा दिला आहे. चंदन, अगरू, तगर, वाळा, कापूर ही त्याची काही द्रव्ये. निवडलेल्या चार द्रव्यांचे एक, दोन, तीन, चार भाग आलटूनपालटून घेतले, तर एकेका निवडीचे २४ प्रकार होतात आणि मिश्रणे ४३,६८० वर जातात. सामग्री थोडी, गंध अगणित, हे वराहमिहिराने नेमके पकडले होते.

आपले नाकही असाच हिशेब करते, हे कळण्याची सुरुवात मात्र १९९१ साली झाली. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी त्या वर्षी उंदराच्या नाकातल्या गंधग्राहींच्या जनुकांचे मोठे कुटुंब शोधून काढले. २००४ चे नोबेल त्यांना मिळाले ते याच वाटेवरच्या कामासाठी. गंधग्राही म्हणजे नाकाच्या आतल्या, वरच्या भागातल्या चेतापेशींच्या आवरणात बसलेले प्रथिन. माणसात याचे सुमारे ४०० चालू प्रकार आहेत आणि एकेका पेशीत साधारणपणे एकच प्रकार असतो. एक गंधरेणू अनेक ग्राहींना जागे करतो आणि एक ग्राही अनेक रेणूंना दाद देतो. कोणकोण जागे झाले, त्या जुळणीवरून मेंदू वास ओळखतो. ४०० अक्षरांची ही बाराखडी आहे आणि प्रत्येक वास हा तिच्यातला एक शब्द.

त्याच उज्जैनच्या महाकाल मंदिरात गाभाऱ्याशी कापूर, धूप, बेलपत्र आणि झेंडू यांचे वास एकत्र येतात, तेव्हा असे कितीतरी शब्द एकाच श्वासात वाचले जातात. अडचण अशी की बाराखडीतल्या एकेका अक्षराचा उच्चार आपल्याला ठाऊक नाही. तो कळायचा, तर एकच ग्राही वेगळा काढून त्याच्यासमोर एकेक रेणू धरून पाहावा लागेल. जिवंत माणसाच्या नाकातून पुरेसे ग्राही मिळणार नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत ‘रिकॉम्बिनंट’ प्रथिन बनवतात: माणसाचे जनुक दुसऱ्या पेशीत घालायचे आणि तिच्याकडून आपले प्रथिन घडवून घ्यायचे. मधुमेहींना मिळणारे मानवी इन्शुलिन १९८२ पासून याच रीतीने बाजारात आहे.

पण इन्शुलिन पाण्यात विरघळते. गंधग्राही पेशीच्या तेलकट आवरणात सात वेळा आरपार शिवलेला असतो. तिथून उपसला की त्याची घडी मोडते. जिवाणूंत बनवला तर बहुधा गोळा होऊन बसतो. दुसऱ्या सस्तन पेशीत बनवला तर तयार होतो, पण आतच अडकतो, पृष्ठभागापर्यंत येत नाही. हिरोआकी मात्सुनामी यांच्या गटाने २००४ मध्ये त्याचा सोबती शोधला. आरटीपी१ हे प्रथिन ग्राहीला हात धरून पृष्ठभागापर्यंत आणते. डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिन या प्रथिनाचा छोटा तुकडा टोकाला जोडल्यानेही मदत होते.

तरीही माणसाच्या गंधग्राहीची त्रिमितीय रचना डोळ्यांना दिसायला २०२३ उजाडले. आशीष मांगलिक आणि मात्सुनामी यांच्या गटांनी ओआर५१ई२ हा ग्राही निवडला. तो नाकाबाहेर, पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीतही आढळतो आणि इतरांपेक्षा पेशीत सहज घडतो. नमुना गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर चीजच्या उग्र वासातले प्रोपिओनिक आम्ल त्याच्या पोकळीत घट्ट बसलेले दिसले.

ग्राहींच्या या अभ्यासाचा उपयोग अत्तरवाल्यांपुरता नाही. कोथिंबीर आपल्याला ताजी वाटते, काहींना ती साबणासारखी लागते. २०१२ च्या एका जनुकीय पाहणीत हा फरक गंधग्राहींच्या जनुकांच्या एका झुबक्याशी जोडला गेला, ओआर६ए२ त्यातलाच. म्हणजे एकाच ताटावर बसलेल्या दोघांची बाराखडी थोडी वेगळी असू शकते. भाजी निवडताना नाक मुरडणाऱ्याला नखरेल म्हणण्याआधी हे लक्षात ठेवावे.

प्रयोगशाळांना विकत मिळणाऱ्या कुपीतले गंधग्राही प्रथिन मात्र वास घेत नाही. ते बहुतेकदा जिवाणूंत किंवा गव्हाच्या अंकुराच्या अर्कात घडवलेले असते, कित्येकदा प्रथिनाचा नुसता एक तुकडा असतो. प्रतिद्रव्ये पारखायला ते चालते. गंध ओळखायला आवरणात नीट बसलेला, शाबूत घडीचा ग्राहीच लागतो.

वराहमिहिराला आपली सोळाही द्रव्ये नाकाने ठाऊक होती, म्हणून त्याचा हिशेब पूर्ण झाला. आपल्याकडे ४०० ग्राहींची यादी आहे, पण त्यांतल्या बहुतेकांचे गंध अजून जुळवायचे आहेत.