बाहीचें गणित

आमच्या जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग आहेत. घाटाखालीं खामगांव, मलकापूर हीं कापसाचीं गांवें. पण पौष-माघांत घाटावर बुलढाण्यास पहांटे जी थंडी पडते, तिला सुती सदरा पुरत नाहीं. म्हणून लोकर व सुया बाहेर निघतात.

पुष्कळ मुली पाठ व पोट सुरेख विणतात, पण बाहीशीं येऊन अडखळतात. बाही मनगटाशीं अरुंद व दंडाशीं रुंद; मधला फरक टाके वाढवून भरावयाचा. ते केव्हां वाढवावे हें अंदाजानें ठरविलें, तर बाही कोपराशीं फुगते किंवा दंडाशीं आवळते. मग सर्व उसवावें लागतें, आणि त्यांत गेलेल्या संध्याकाळी परत येत नाहींत.

म्हणून सुयांपूर्वीं पाटी घ्यावी. त्याच लोकरीचा चार इंच लांबरुंद तुकडा विणून टाके व ओळी मोजाव्या. समजा, इंचास ५ टाके व ७ ओळी पडल्या. मनगटाशीं ८ इंच रुंदी हवी, तर टाके ४०. दंडाशीं १२ इंच, तर ६०. हें साधें त्रैराशिक होय. वाढ २० टाक्यांची. एका खेपेस दोन्ही कडांस एकेक टाका वाढतो, म्हणून खेपा १०. मनगटपट्टीपुढें काखेपर्यंत लांबी १२ इंच, म्हणजे ओळी ८४. त्यांस १० नीं भागिलें असतां भागाकार ८, बाकी ४. दर आठव्या ओळीस वाढ करावी व उरलेल्या ४ ओळी शेवटीं साध्या विणाव्या; काखेशीं तेवढा सरळ भाग बरा पडतो. बाकी मोठी असेल, तर ती दोन-दोन ओळींनीं मधल्या अंतरांत वाटावी. कारण सुलट व उलट ओळी जोडीनेंच येतात, आणि वाढ सुलट ओळींत सोपी जाते.

आतां अंदाजाचें फळ पाहा. दर सहाव्या ओळीस वाढविलें, तर ६० ओळींतच वाढ संपते व पुढील साडेतीन इंच बाही उगाच रुंद राहते. दर बाराव्या ओळीस वाढविलें, तर ७ च खेपा होतात. टाके ५४, आणि दंडाशीं एक इंचाहून अधिक तूट.

वाढ कडेच्या टाक्याच्या आंत करावी, म्हणजे शिवण नीट बसते. दोन टाक्यांमधील धागा उचलून पीळ देऊन विणावा. पीळ न दिल्यास भोंक राहतें.

घाटाची सडक चढण जशी सर्व वाटेवर वांटून देते, तशीच ही वाढ होय. पालकांनीं मुलींबरोबर मुलांसही हें गणित घालून पाहावें. भागाकारांतील बाकी कशास उपयोगी पडते, हें त्यांस सहज कळेल.