डॉक्टरेटनंतरची उमेदवारी

"काय तात्या, पोरगी डॉक्टर झाली म्हणे! मग दवाखाना कधी टाकताय?"

प्रवरेकाठच्या कोणत्याही गावात, सकाळी दूध घालायला जमलेल्या मंडळींत हा प्रश्न ऐकू येण्यासारखा आहे. तात्या समजावून सांगतात की, ती दवाखान्याची डॉक्टर नव्हे, पदार्थविज्ञानातली पीएच.डी. त्यावर लगेच दुसरा प्रश्न येतो, "मग नोकरी कुठं लागली?" इथे मात्र तात्या अडखळतात. कारण पोरगी म्हणते आहे, अजून दोन वर्षे बाहेर राहून संशोधन करायचे आहे. विषय कोणता, तर बायोसेन्सर. घरात आजीला काळजी लग्नाची, आईला परदेशाची, आणि तात्यांना पैशाची.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे 2024 पर्यंतच्या अहमदनगरमधल्या, कितीतरी घरांना ही काळजी ओळखीची वाटेल. संगमनेर, लोणी, कोपरगाव किंवा नगर इथे पदवी घेऊन पुण्या-मुंबईत पीएच.डी. करणारी मुले आता नवलाची राहिलेली नाहीत. त्यापुढची पायरी मात्र घरच्यांना अजून अंधारातलीच आहे.

ही पायरी म्हणजे 'पोस्ट डॉक्टरेट'. ती आणखी एक पदवी नव्हे. सनद मिळालेला तरुण वकील जसा एखाद्या जाणत्या वकिलाच्या हाताखाली काही वर्षे काढतो, तशी ही संशोधकाची उमेदवारी आहे. यात फी भरायची नसते, उलट दरमहा विद्यावेतन मिळते. म्हणूनच 'जागा मिळवून देतो, अमुक रक्कम भरा' असे कोणी म्हणाले, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

आता बायोसेन्सर, म्हणजेच जैवसंवेदक. मधुमेहाच्या रुग्णाकडे असलेले साखर तपासण्याचे छोटे यंत्र हा त्याचा सर्वांत परिचित नमुना. पट्टीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, लावलेले असते. ते रक्तातली साखर नेमकी ओळखते. त्या क्रियेतून अगदी क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो आणि यंत्र तो मोजून आकडा दाखवते. ओळखण्याचे काम जीवशास्त्राचे आणि मोजण्याचे इलेक्ट्रॉनिक्सचे, अशी ही भागीदारी आहे.

तिचा जन्म अमेरिकेतला. लेलंड क्लार्क हे संशोधक शस्त्रक्रियेच्या वेळी रक्ताला प्राणवायू पुरवणाऱ्या यंत्रावर काम करीत होते. रक्तातला प्राणवायू मोजायचा कसा, या अडचणीतून त्यांनी एक विद्युतअग्र तयार केले. त्यावरच विकराचा थर देऊन साखर मोजता येईल, ही कल्पना त्यांनी 1962 मध्ये मांडली. खिशात मावणारे पेनाच्या आकाराचे यंत्र बाजारात यायला 1987 साल उजाडले. कल्पना आणि वस्तू यांच्यामध्ये तब्बल 25 वर्षे गेली!

मोजण्याचे काम प्रकाशही करतो. सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर विशिष्ट कोनातून प्रकाश टाकला आणि त्या पत्र्याला एखादा रेणू चिकटला, की तो कोन किंचित बदलतो. स्वीडनमधल्या लिंकोपिंग इथल्या संशोधकांनी 1983 मध्ये याचा उपयोग जैविक तपासणीसाठी करून दाखवला. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत प्रा. सौम्यो मुखर्जी यांच्या गटाने इंग्रजी 'यू' अक्षरासारख्या वाकवलेल्या प्रकाशतंतूवर असेच संवेदक घडवले. कोविडच्या काळात पुष्कळ तपासणी संचांत जी लाल रेघ आपण पाहिली, तीही सोन्याच्या सूक्ष्म कणांचीच किमया.

हे सारे ऐकून तात्या विचारतील, "आमच्या दुधाचं काय?" प्रश्न रास्त आहे. फॅट आणि एसएनएफवर दुधाचा दर ठरतो. दुधात युरिया मिसळला तर घनघटकांचा आकडा फुगतो. युरिया ओळखणारे युरिएज हे विकर उपलब्ध आहे, मग संवेदक घराघरांत का नाही? कारण प्रयोगशाळेत स्वच्छ द्रावणात सुरेख चालणारा संवेदक दुधात घातला, की स्निग्धांश आणि प्रथिने त्याच्या पृष्ठभागावर साचतात. वैशाखातल्या उन्हात विकराचा जोम ओसरतो. वीज कमीजास्त होते. पिलानीच्या 'सीरी' या राष्ट्रीय प्रयोगशाळेने दुधातली भेसळ मिनिटाच्या आत सांगणारा 'क्षीर स्कॅनर' तयार केला, ही वाट चालता येते याची ती खूण. पण गायीचा कासदाह वेळीच ओळखणे, दुधातले प्रतिजैविकाचे अंश शोधणे, असे कितीतरी प्रश्न अजून स्वस्त आणि टिकाऊ उत्तराची वाट पाहत आहेत. पीएच.डी.च्या प्रबंधात संवेदक चालला, इथवर गोष्ट येते. तो गोठ्यात चालावा, यासाठी भौतिकी, रसायन, जीवशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची माणसे एका टेबलाभोवती बसावी लागतात. उमेदवारीची दोन वर्षे त्यासाठीच असतात.

संधी कुठे आहेत? देशात राष्ट्रीय पोस्ट डॉक्टरेट शिष्यवृत्ती आहे. ती आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान चालवते. मुदत दोन वर्षांची, वयोमर्यादा साधारण 35. स्त्रियांना आणि राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे. संसारामुळे खंड पडलेल्या संशोधक महिलांनी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'वाइज' योजना जरूर पाहावी. युरोपातली मेरी क्युरी शिष्यवृत्ती कोणत्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे. मात्र पीएच.डी.नंतरची आठ वर्षे ओलांडलेली नसावीत. जर्मनीची हुंबोल्ट, जपानची जेएसपीएस याही जुन्या, भरवशाच्या वाटा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर काम केलेले कितीतरी तरुण दक्षिण कोरियातल्या प्रयोगशाळांत गेले, तेही मोठ्या ओळखीवर नव्हे, तर आपल्या शोधनिबंधांच्या बळावर. आणि ज्यांना घर सोडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी 2008 पासून मुंबईची आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या अद्ययावत नॅनो प्रयोगशाळा बाहेरच्या संशोधकांना एका सरकारी योजनेतून वापरायला मिळू लागल्या. पुढे त्यात आणखी काही आयआयटींची भर पडली.

तथापि, दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही नोकरी कायमची नसते. दोनाची चार वर्षे, चाराची सहा होतात आणि प्राध्यापकाच्या जागेची वाट पाहता पाहता वयोमर्यादा उलटते. म्हणून जाण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. या मार्गदर्शकाकडे आधी काम केलेले लोक आज कुठे आहेत? आरोग्य विमा आहे का? शोधाचे पेटंट झाले तर नाव कोणाचे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दोन वर्षांनी आपल्या हातात कोणते कौशल्य असेल? देश कोणता यापेक्षा प्रश्न कोणता आणि गुरू कोण, हे पाहणे अधिक हिताचे. अर्ज करतानाही शंभर ठिकाणी एकच पत्र पाठवण्यापेक्षा, ज्यांचे निबंध खरोखर वाचले आहेत अशा पाच-सहा जणांना नेमके लिहावे.

घरच्यांनीही मुलीला 'किती दिवस?' एवढेच विचारू नये. 'काय करणार आहेस, ते आम्हाला कळेल असे सांग,' असे एकदा म्हणून पाहावे. जिला स्वतःचे काम दूध घालणाऱ्या वडिलांना समजावता येते, तिला ते निवड समितीलाही समजावता येते.

तात्यांच्या मुलीकडे एक भांडवल असे आहे, जे परदेशातल्या सहकाऱ्यांकडे सहसा नसते. दूध नासते कसे, गाय आखडते कधी, सकाळच्या रांगेत एका माणसामागे किती वेळ असतो, हे तिने लहानपणापासून पाहिले आहे. अर्ज लिहिताना तिने सुरुवात तिथूनच करावी.