मातीचा पृष्ठभार : मापन, प्रतिमान आणि खार जमीन

प्रस्तावना

पनवेल येथे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र आहे. खार जमिनीचे मूल्यमापन सामान्यतः विद्युतवाहकतेवरून, म्हणजेच विद्राव्य क्षारांच्या प्रमाणावरून केले जाते. तथापि तिचे वर्तन चिकणकणांच्या पृष्ठभारावरही अवलंबून असते. हा संबंध विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पृष्ठभाराचा उगम

चिकणखनिजांच्या स्फटिकात सिलिकॉनची जागा ॲल्युमिनिअमने किंवा ॲल्युमिनिअमची जागा मॅग्नेशिअमने घेतल्यास स्थायी ऋणभार निर्माण होतो. लोह-ॲल्युमिनिअमची ऑक्साइडे व सेंद्रिय पदार्थ यांवरील भार मात्र सामूनुसार बदलतो. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइटमध्ये पहिला प्रकार प्रबळ असतो, तर कोकणातील जांभ्याच्या मातीत दुसरा.

मापन

प्रचलित पद्धतीत सामू ७ असलेल्या अमोनिअम ॲसिटेटने धनायन विनिमय क्षमता मोजतात. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत त्यामुळे शेतातील प्रत्यक्ष ऋणभारापेक्षा अधिक आकडा मिळतो. खार मातीत अडचण निराळी असते. द्रावणातील सोडिअम वेगळा मोजून वजा न केल्यास तोही कणांना चिकटलेला, म्हणजे विनिमयक्षम सोडिअम म्हणून गणला जातो.

प्रतिमान

गुई (१९१०) व चॅपमन (१९१३) यांच्या प्रतिमानानुसार ऋणभारित कणाभोवती धनायनांचा विसरित थर असतो. स्टर्न यांनी १९२४ मध्ये आयनांचा आकार विचारात घेऊन त्यात सुधारणा केली. सोडिअम क्लोराइडच्या ०.१ मोल प्रति लिटर द्रावणात या थराची जाडी सुमारे १ नॅनोमीटर असते; ०.००१ मोल द्रावणात ती सुमारे १० नॅनोमीटर होते.

खार जमिनीत याचा अर्थ महत्त्वाचा आहे. क्षार भरपूर असताना थर आकुंचित राहतो व कण एकत्र येऊन गुठळ्या धरतात. पावसाने क्षार धुतले गेले, परंतु कणांवर सोडिअम तसाच राहिला, तर थर प्रसरण पावतो, कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि पाण्याचा निचरा मंदावतो. जिप्सममधील द्विभारी कॅल्शिअम सोडिअमची जागा घेऊन हा थर पुन्हा आकुंचित करतो.

निष्कर्ष

सारांश, पावसाळ्यानंतर विद्युतवाहकता घटली म्हणून जमीन सुधारली असे मानणे सयुक्तिक नाही. तिच्यासोबत विनिमयक्षम सोडिअमचे प्रमाण तपासावे, तसेच पृष्ठभाराचा प्रत्येक आकडा कोणत्या सामूस मोजला याची नोंद अवश्य करावी. त्याशिवाय दोन प्रयोगशाळांच्या निष्कर्षांची तुलना अर्थपूर्ण ठरणार नाही.