बंद खिडकीचे उत्तर

तुम्ही कधी तरी मोठ्या पोस्टात गेला असाल. तेथे ओळीने खिडक्या असतात. एका खिडकीवर तिकिटे मिळतात, दुसऱ्या खिडकीवर पत्रे घेतात. समजा, सर्व गावांच्या पोस्टांत खिडक्यांचे क्रमांक सारखेच ठेवले, तर परगावच्या माणसालाही कोणाला विचारावे लागणार नाही. पण लहान गावात एखादी सोयच नसेल तर? ती खिडकी काढून टाकली, तर पुढचे सगळे क्रमांक बदलतील. ती ठेवली आणि आत कोणीच बसवले नाही, तर माणूस वाट पाहत उभा राहील. सुरुवातीच्या लहान संगणकांपुढे अशीच अडचण होती.

1974 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात गॅरी किल्डॉल या प्राध्यापकांनी ‘सीपी/एम’ नावाची कार्यप्रणाली तयार केली. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली. त्या काळी अनेक कंपन्या लहान संगणक बनवू लागल्या होत्या. प्रत्येकाची जोडणी निराळी होती. नवे यंत्र आले की किल्डॉल यांना कार्यप्रणालीत पुन्हा बदल करावे लागत. शेवटी त्यांनी यंत्राशी थेट बोलणारा भाग वेगळा काढला. त्याला ‘बायोस’ म्हणतात. आता उत्पादकाने फक्त बायोस लिहायचा. बाकीची कार्यप्रणाली सर्वत्र तीच राहणार!

बायोसच्या सुरुवातीला एक तक्ता असे. 1979 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यात 17 नोंदी होत्या. प्रत्येक नोंद तीन बाइटांची होती. कळफलकावरून अक्षर घेणे, पडद्यावर अक्षर दाखवणे, फ्लॉपीवरून वाचणे अशी कामे त्यात ठरलेल्या क्रमाने होती. त्याच पोस्टाच्या खिडक्या समजा.

यांतील काही यंत्रे सर्वांकडे नसत. उदाहरणार्थ, कागदी पट्टीवरील छिद्रे वाचणारे यंत्र. पुष्कळ संगणकांना ते कधी जोडलेच गेले नाही, तरी त्याची नोंद तक्त्यात असायचीच. मग तेथे काय लिहायचे? नियम सोपा होता. यंत्र नसेल, तर 26 हा अंक परत करायचा. त्याचा अर्थ ‘मजकूर संपला’. विचारणारी आज्ञावली अडकून न पडता पुढे जाई. तसेच, नसलेले फ्लॉपी यंत्र कोणी मागितले, तर शून्य परत करायचे. ‘नाही’ हेसुद्धा एक उत्तर आहे, पण ते सर्वांनी एकाच पद्धतीने दिले पाहिजे.

घड्याळाचे मात्र तसे झाले नाही. त्या 17 नोंदींत वेळ सांगणारी नोंदच नव्हती. काही लोक आपल्या संगणकात घड्याळाचे कार्ड बसवून घेत, पण वेळ विचारण्याची रीत प्रत्येक कार्डाची निराळी. एखाद्या उत्पादकाने तक्त्याच्या शेवटी स्वतःची अठरावी नोंद जोडली, तर त्याच्या यंत्रावर काम छान चाले. तीच आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर नेली की घोटाळा होई. तेथे अठराव्या जागी भलतेच काही असे. संगणक त्यालाच आज्ञा समजून पाळू लागे आणि थिजून जाई. फ्लॉपीवर न उतरवलेला सगळा मजकूर गेला! शिवाय फाइलींवर तारीख पडत नसे. एकाच हिशेबाच्या दोन फ्लॉप्या समोर असतील, तर त्यांतली नवी कोणती? दुकानदाराला हे कोण सांगणार?

1983 मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही उणीव भरून काढली. तक्ता 33 नोंदींचा झाला आणि त्यात वेळेची नोंद आली. दिवस 1 जानेवारी 1978 पासून मोजायचे, हेही ठरले. ज्या यंत्रात घड्याळ नसेल, त्याच्या बायोसने काही न करता फक्त परत फिरायचे. फाइलीवर तारीख नोंदवण्याची सोयही याच आवृत्तीत झाली.

उत्पादकांना स्वतःचे काही करायचे असेच. त्यांच्यासाठी एक नोंद मुद्दाम मोकळी ठेवली होती. मला तर ही युक्ती सर्वांत शहाणपणाची वाटते. ज्याला जे वेगळे हवे, ते त्याने त्या एकाच दारातून करावे. बाकीचे क्रमांक हलू नयेत. पुढे ब्रिटनमधील ॲमस्ट्रॅड कंपनीने आपल्या संगणकांच्या खास सोयींसाठी हेच दार वापरले.

मात्र ही सुधारणा उशिरा झाली. 1981 मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला होता आणि बहुतेक नवे ग्राहक तिकडे वळले होते. सीपी/एमच्या तक्त्यातील शेवटच्या दोन नोंदी पुढे येणाऱ्या सोयींसाठी राखून ठेवल्या होत्या. चौथी आवृत्ती निघालीच नाही, त्यामुळे त्या तशाच रिकाम्या राहिल्या.