शेंपूट राखावें कीं कापावें?

कुत्र्याचें शेंपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच, ही म्हण आपल्या घरांत लहानथोर सर्वांच्या तोंडीं असते. स्वभावाला औषध नाहीं, एवढेंच तिला सांगावयाचें असतें. शेंपटाला खरोखर नळींत घालण्याची पाळी कोणावर येत असेल, हें ती उच्चारणाराच्या मनांतहि येत नाहीं. परंतु स्कॉटलंडमध्यें बंदुकीच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला, कीं तेथील पशुवैद्यांवर ही पाळी येते. रक्तबंबाळ शेंपूट धुवावयाचें, त्याला पट्टी बांधावयाची, आणि तें पुन्हां कोठें आपटूं नये म्हणून वरून हलकी नळी चढवावयाची! या क्षुल्लक दिसणाऱ्या दुखापतीपायीं त्या देशांत कायदा झाला, तो बदलला, विद्यापीठांनीं गणना केली आणि सज्जन माणसांत तट पडले. मुक्या जनावराचें हित कशांत आहे हें ठरविणें किती अवघड असतें, याचा तो प्रकार उत्तम नमुना आहे.

प्रथम या कुत्र्यांचें काम काय तें पाहूं. स्पॅनिअल ही मध्यम बांध्याची, लोंबत्या कानांची, केसाळ जात. झुडपांत दडलेलीं पाखरें हुसकून बाहेर काढणें हें तिचें वंशपरंपरेचें काम. बंदुकवाला मोकळ्या जागीं उभा असतो आणि त्याचा कुत्रा नाक जमिनीला लावून कांटेरी जाळ्यांत शिरतो. वास जसजसा ताजा होत जातो, तसतसें त्याचें शेंपूट अधिक वेगानें हलूं लागतें. दोन्ही बाजूंस कांटे आणि मध्यें चाबकासारखें फिरणारें शेंपूट, अशी ती स्थिति असते. दुसरा एक वर्ग शिकार हुडकणाऱ्या, तिच्याकडे तोंड करून थबकणाऱ्या आणि पडलेलें पाखरूं उचलून आणणाऱ्या कुत्र्यांचा. जर्मन पॉइंटर हा त्यांतलाच. त्यांचीहि गत बहुधा तीच होते.

शेंपूट म्हणजे पाठीच्या कण्याचाच शेवट. त्यांतील मणके टोंकाकडे बारीक होत जातात. टोंकाशीं मांस जवळजवळ नसतेंच. कातडी पातळ आणि रक्ताचा पुरवठाहि बेताचा. त्यामुळें तेथील जखम भरून येण्यास फार दिवस लागतात. ती भरूं लागते न लागते तोंच मालक दारांत दिसतो, कुत्रा आनंदानें शेंपूट हालवितो, तें भिंतीवर आपटतें आणि खपली निघून पुन्हां रक्त वाहूं लागतें. बिचाऱ्याचा आनंदच त्याचा वैरी होतो! असें वारंवार झालें म्हणजे अखेर प्रौढ कुत्र्याला भूल देऊन शेंपटीचा भाग कापून टाकावा लागतो.

यावर जुन्या शिकाऱ्यांनीं काढलेला तोडगा असा, कीं पिलूं तीनचार दिवसांचें असतांनाच त्याचें शेंपूट कापून टाकावें. पुढें दुखापतीची भीतीच नको. शेंपटीला कात्री लावण्यास दर वेळीं असेंच सयुक्तिक कारण मिळालें असें मात्र नाहीं. पहिल्या शतकांतील रोमन शेतकी-ग्रंथकार कॉल्युमेला यानें पिलांची शेंपटी चाळीस दिवसांनंतर तोडण्याची रीत वर्णिली आहे. तिनें कुत्र्याला पिसाळण्याचा रोग होत नाहीं, असा त्या काळच्या धनगरांचा समज होता. समज गेला, पण चाल राहिली. आणि पुढें तर निव्वळ शोभेसाठीं, प्रदर्शनांत कुत्रा ठरीव आकाराचा दिसावा म्हणून, असंख्य पिलांचीं शेंपटें गेलीं. इतक्या कोवळ्या पिलाला वेदना कळत नाहींत असें पूर्वीं समजत असत. आज तें कोणी जाणता पशुवैद्य म्हणणार नाहीं.

ही शोभेची कापाकापी बंद करावी, हें ब्रिटनमधील लोकमतास पटलें आणि २००६ सालीं तसे कायदे झाले. इंग्लंडच्या कायद्यानें खरोखर काम करणाऱ्या कांहीं कुत्र्यांपुरता अपवाद ठेविला. स्कॉटलंडनें त्याच वर्षीं केलेल्या कायद्यांत तसा अपवाद ठेविला नाहीं. सर्वांचींच शेंपटें राखावयाचीं असें ठरलें. पुढें रानांत जाणारे स्पॅनिअल लांब शेंपटीचे दिसूं लागले आणि त्यांचे मालक तक्रार करूं लागले, कीं दयेपोटीं केलेल्या कायद्यानें आमचीं जनावरें रक्ताळून घरीं येत आहेत.

खरें काय हें पाहण्यास आंकड्यांचा आधार घ्यावा, तों तेहि दोन तोंडांनीं बोलतात. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत ग्रेट ब्रिटनमधील ५२ पशुवैद्यांच्या दवाखान्यांत आलेले १,३८,२१२ कुत्रे पाहिले गेले. त्यांत शेंपटीची दुखापत झालेले निघाले केवळ २८१. एक दुखापत टाळण्यास सुमारें पांचशें कुत्र्यांचीं शेंपटें कापावीं लागतील, असा हिशेब तींत मांडला होता. उलट ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनीं स्कॉटलंडमधील कामकरी कुत्र्यांच्या मालकांकडून २०१०-११ च्या हंगामाची माहिती मागविली. ती २,८६० कुत्र्यांविषयीं मिळाली. शेंपूट न कापलेल्या स्पॅनिअलांपैकीं ५६.६ टक्के कुत्र्यांना त्या एकाच हंगामांत निदान एकदां तरी दुखापत झाली होती! या हिशेबानें दोन ते अठरा पिलांचीं शेंपटें कापलीं, कीं एक दुखापत टळते.

पांचशें कोठें आणि दोन ते अठरा कोठें! वाचकास वाटेल, कीं यांतील एक पक्ष खोटा असला पाहिजे. वस्तुतः तसें नाहीं. पहिल्या गणनेंत गादीवर निजणारे कुत्रेहि आले, आणि वैद्यापर्यंत पोंचलेल्या दुखापतीच तेवढ्या आल्या. दुसऱ्या गणनेंत केवळ रानांत राबणारे कुत्रे आले, आणि घरच्या घरीं बऱ्या झालेल्या जखमाहि आल्या. शिवाय ज्यांना हा प्रश्न जाचत होता, असे मालक उत्तर देण्यास अधिक उत्सुक असणार, हेंहि उघड आहे. मोजणारे प्रामाणिक होते. मोजण्याचें क्षेत्र निराळें होतें. घरांतील एका माणसाचें दुखणें साऱ्या गांवाच्या सरासरींत दिसत नाहीं, म्हणून तें नाहींसें होत नाहीं. आणि एका घरांत दुखणें आहे, म्हणून साऱ्या गांवाला औषध पाजणेंहि शहाणपणाचें नव्हे.

ग्लासगोच्या त्या पाहणींत आणखी एक गोष्ट आढळली, आणि माझ्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची आहे. शेंपटीचा केवळ टोंकाकडील एक तृतीयांश भाग कापलेला असो, अर्धी कापलेली असो, कीं त्याहून आंखूड केलेली असो, दुखापतीच्या संभवांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. म्हणजे बुडख्यापर्यंत शेंपूट छाटण्याची जी जुनी चाल होती, तींतील निदान अर्धी क्रूरता निष्कारण होती! २०१७ सालीं स्कॉटलंडनें आपला नियम सैल केला, तो याच धोरणानें. फक्त स्पॅनिअल व वर सांगितलेले थबकणारे कुत्रे, पिलूं पांच दिवसांहून मोठें नसावें, शेवटचा एक तृतीयांशच कापावा, आणि तें पिलूं पुढें शिकारीच्या कामावर जाण्याचा संभव आहे अशी पशुवैद्याची खात्री झालेली असावी, असा तो नियम आहे.

नियम समतोल दिसतो. तथापि खरी अडचण त्याच्या शेवटच्या अटींत दडलेली आहे. पांच दिवसांच्या पिलाचे डोळे देखील उघडलेले नसतात. ते उघडण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. त्यांतील कोणतें पिलूं रानांत धांवेल, कोणतें बंदुकीच्या आवाजानें दचकून कामांतून बाद होईल, आणि कोणतें एखाद्या घरीं मुलांचें सोबती होऊन राहील, हें त्या दिवशीं कोणीं सांगावें? वैद्य आईबापांचें काम पाहतो, मालकाचा धंदा पाहतो आणि अंदाज करतो. तो चुकला तर पिलाचें शेंपूट परत येत नाहीं. आणि न कापण्यांत चूक झाली तर ती प्रौढ कुत्र्याला कांट्यांत भोगावी लागते. म्हणून जेथें काम निश्चित आहे तेथें एक तृतीयांश, आणि जेथें शंका आहे तेथें मुळींच नाहीं, हाच न्याय मला योग्य वाटतो. संशयाचा फायदा शेंपटीला मिळावा.

कारण शेंपूट ही नुसती शोभा नव्हे. ती कुत्र्याची वाणी आहे. इटलींतील संशोधकांनीं तीस कुत्र्यांवर केलेले प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाले. धनी दिसला, कीं शेंपूट उजवीकडे अधिक झुकून हलतें, आणि दांडगा अनोळखी कुत्रा दिसला तर डावीकडे, असें त्यांत आढळलें. ज्याची शेंपटी बुडख्यापाशीं गेली, त्याचे अर्धे शब्दच गेले म्हणावयाचे.

शेंपटीची दुखापत फक्त रानांतच होते असें नाहीं. २०१० च्या पाहणींत पुष्कळ जखमा घरांतच, भिंतीवर अगर सामानावर शेंपूट आपटून झाल्याचें आढळलें होतें. कांहीं दारांत चेंगरून झाल्या होत्या. तेव्हां ज्या घरांत कुत्रा आहे, त्या घरीं पुढील गोष्टी ठाऊक असाव्यात. रक्त येत असल्यास स्वच्छ फडक्यानें कांहीं मिनिटें दाबून धरावें. मग कोमट मिठाच्या पाण्यानें जखम धुवून तीस न चिकटणारी पट्टी बांधावी. पट्टी सैल असल्यास निसटते. परंतु आवळून बांधल्यास टोंकाचें रक्त थांबून तो भागच मरतो. वरून हलकी, हवा खेळेल अशी नळी चढवावी, आणि कुत्रा चाटूं नये म्हणून गळ्यांत पसरट गळपट्टा घालावा. पट्टी भिजूं देऊं नये. टोंक थंड वा काळें पडलें, सुजलें, किंवा घाण येऊं लागली, तर पशुवैद्याकडे जाण्यास क्षणाचाहि विलंब लावूं नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला आपल्या मनानें कदापि देऊं नयेत. त्यांतील कित्येक त्याला विषासारख्या बाधतात.

कधीं कधीं थंड पाण्यांत पोहून आल्यावर अगर अतिश्रमानंतर कुत्र्याचें शेंपूट एकाएकीं लुळें पडून लोंबूं लागतें. हाड मोडलें असें वाटून घरची मंडळी घाबरतात. बहुधा तो स्नायूंचा विकार असतो आणि विश्रांतीनें कांहीं दिवसांत उतरतो. तरी हाड शाबूत आहे कीं नाहीं, हें वैद्यास दाखवून घ्यावें.

नळींत घातल्यानें कुत्र्याचें शेंपूट सरळ होत नाहीं, ही आपली म्हण खरीच. पण वेळीं घातलें आणि धीर धरला, तर पुष्कळदां तें बरें होतें. मुक्या प्राण्याच्या धन्याला याहून अधिक काय हवें?